लांडग्याच्या पायाखालची जमीन

माळाला दार नाही. ताडोब्याच्या जंगलात जायचं तर मोहर्लीचं किंवा कोलाऱ्याचं फाटक लागतं. तिथं नावं नोंदवली जातात, वाटाड्या सोबत येतो, आणि फाटक मागं पडलं की माणूस आपोआप आवाज खाली आणून बोलू लागतो. सासवड, सुपे, इंदापूर, फलटण या पट्ट्यातल्या माळावर असं काही होत नाही. उसाचा शेवटचा फड संपतो, एक बांध येतो, एक कोरडी ओघळ येते आणि तिच्यापलीकडं गुडघाभर कुसळी गवत सुरू होतं. पाठीमागं कोंबड्यांच्या शेडमधले दिवे, समोर क्षितिजावर विजेचे मनोरे, आणि या दोन्हींच्या मधल्या मोकळ्या जागेत, दिवस उगवायच्या सुमाराला, मान खाली घालून झपझप चालणारा लांडगा. आपण एका वन्य प्राण्याच्या घरात उभे आहोत हे सांगणारी पाटी कुठंही नसते.

मी वन्यजीवांची छायाचित्रं काढतो आणि त्यांच्यावर माहितीपट करतो. या कामानं मला आंबोलीच्या पावसात उभं केलं, लडाखच्या गोठलेल्या दऱ्यांत नेलं, वैशाखातल्या पाणवठ्यांवर बसवलं. प्रत्येक ठिकाणी शिकायला मिळालं, पण हे काम कशासाठी करायचं याचं उत्तर मला दख्खनच्या या उघड्या माळानं दिलं. प्राण्याचं चित्र त्याच्या जमिनीशिवाय पुरं होत नाही, आणि त्या जमिनीवर माणसंही राहत असतील तर त्या माणसांशिवायही पुरं होत नाही. ऐकायला ही गोष्ट साधी वाटते. कॅमेरा हातात घेतला की ती फार अवघड होते, कारण आमची हत्यारंच उलट दिशेला ओढत असतात.

लांब पल्ल्याच्या लेन्सचंच घ्या. माळावर आडोसा नाही. लांडगा माणसाला फार लांबून हेरतो आणि अंतर राखून राहतो. म्हणून आम्ही पाचशे-सहाशे मिलिमीटरची लेन्स लावतो. अशी लेन्स समोरच्या दृश्याचा अगदी अरुंद तुकडा उचलते आणि त्या तुकड्यातही फार थोडं अंतर स्पष्ट ठेवते. लांडग्याचा पिवळसर डोळा, मिशा, कानाच्या कडेवरचा केस न् केस धारदार उमटतो. मागचं-पुढचं सगळं सोनेरी धुक्यात विरून जातं. चित्र सुंदर होतं, मुखपृष्ठावर शोभतं. पण त्या धुक्यात काय काय विरून गेलं तेही पाहायला हवं. चरणारं खांड, बांधावरची बाभूळ, सिमेंटचा खांब, खडी वाहणारा ट्रक, कालपरवा विकल्या गेलेल्या तुकड्याभोवतीचं तारेचं कुंपण. पाहणाऱ्याला वाटतं की हा प्राणी कुठल्या तरी अथांग रानात राहतो आणि त्याचं बरं चाललं आहे. चित्रातली एकही गोष्ट खोटी नाही, आणि तरी त्यातून पोचणारी समजूत खोटी आहे.

माळावर चित्रीकरणाचा दिवस फार लहान असतो. माघ-फाल्गुनात सूर्य कासराभर वर आला की जमीन तापायला लागते. तापलेली हवा वर चढते, तिच्या जागी थंड हवा येते, आणि अशा कमी-जास्त दाट थरांतून येणारा प्रकाश वाटेत सतत वाकत राहतो. नुसत्या डोळ्यांना हे फारसं जाणवत नाही. लांब लेन्समधून पाहिलं की लांडग्याच्या पाठीची कड उकळत्या पाण्यासारखी थरथरताना दिसते. लेन्स कितीही महाग असो, या झळांवर तिचा इलाज चालत नाही, उलट जितकी लांब लेन्स तितक्या झळा मोठ्या दिसतात. त्यामुळे उजाडल्यापासूनचा थोडा वेळ आणि मावळतीच्या आधीचा थोडा वेळ, एवढाच आमचा. त्यासाठी अंधारात निघायचं, वारा कुठून येतो ते पाहून ओघळीतल्या लपणात शिरायचं, तिपाईचे पाय इतके खाली न्यायचे की कॅमेरा लांडग्याच्या डोळ्याच्या रेषेत येईल, आणि मग अंग मोडून बसायचं. वारा फिरला तर त्या सकाळचं काम संपलं. लांडग्याच्या नाकापासून लपता येईल असं लपण अजून कुणी बांधलेलं नाही.

बसून राहण्याला लोक तपश्चर्या म्हणतात. मला ते फार मोठं वाटतं. त्या वेळात माळ स्वतःहून आपला परिचय करून देतो, एवढं मात्र खरं. चंडोल गात गात सरळ वर चढतो आणि वरूनच दगडासारखा खाली सुटतो. धाविक दहा पावलं पळतो, थबकतो, पुन्हा पळतो. मध्य आशियातून हिवाळ्यापुरते आलेले भोवत्या पक्षी गवताच्या तुऱ्यांना पंख लागतील इतक्या खालून तरंगत जातात. खोकड आपल्या बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसतं. हे सगळं पाहिलं की समजतं, ज्याला आपण उजाड म्हणतो तिथं कशाचीही कमतरता नाही. फक्त इथली उंची गुडघाभर आहे, आणि झाडांची सवय लागलेल्या नजरेला ती दिसत नाही.

माळावरचं माझं खरं शिक्षण धनगरांच्या वाड्यांवर झालं. दिवाळी सरली की वाडे हलतात. घोड्यांच्या पाठीवर संसार, त्यावर बांधलेल्या कोंबड्या, वाघरीची जाळी, डालगी, लेकरं, आणि पुढं-मागं मेंढरांचा करडा-काळा लोट. रात्री कुणाच्या तरी शेतात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे आणि पुढच्या शिवाराला लागायचं. या वाटा लांडग्याच्याही वाटा आहेत. दख्खनमध्ये काळविटांचे कळप मोजक्या ठिकाणी उरले. जिथं ते नाहीत तिथं लांडगा मेंढरांवर, ससे-उंदरांवर आणि पोल्ट्रीवाल्यांनी टाकलेल्या मेलेल्या कोंबड्यांवर जगतो. वाडा जिकडं जातो, तिकडं त्याचीही नजर जाते.

एका वाड्यावरच्या तात्यांनी मला माग वाचायला शिकवलं. ओढ्याच्या ओल्या वाळूत दोन माग होते. आकारात मला काही फरक कळेना. तात्यांनी काठीच्या टोकानं एक दाखवला. “ह्यो कुत्र्याचा. कुत्र्याला घाई नसती. त्यो हिकडं हुंगत, तिकडं हुंगत हिंडतो.” मग दुसरा दाखवला. “आन् ह्यो लांडग्याचा. त्याला कामाला जायाचं असतं. त्यो सरळ जातो.” मी त्या मागाच्या कडेनं चालत गेलो. खरोखरच सुतात ओढल्यासारखी रेघ होती. चालताना लांडगा मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशात किंवा त्याच्या अगदी जवळ ठेवतो, त्यानं ताकद वाचते, हे मी पुस्तकांत वाचलं होतं. तात्यांनी त्याला एका वाक्यात माणूसपण दिलं. तेव्हापासून मला लांडग्याची चाल चित्रित करायची म्हणजे त्याची कामावर जाण्याची घाई चित्रित करायची, हे कळलं. कॅमेरा कुठं ठेवायचा याचा निर्णयच त्यामुळे बदलला. लांडग्याचा पाठलाग करण्यापेक्षा त्याच्या नेहमीच्या रेघेवर थांबायचं.

लांडगा जवळ आला आहे हे तात्या लांडगा न पाहताच सांगत. मेंढरं चरायची थांबून एकाच बाजूला तोंड करून उभी राहिली, टिटवी एका ठिकाणावरून ओरडत पुढं पुढं सरकू लागली, वाड्यावरचं थोराड कुत्रं भुंकायचं सोडून नुसतं गुरगुरू लागलं, की त्यांचा हात काठीकडं जाई. या सगळ्या खुणा माझ्याही कानांवर पडत होत्या. त्यांची ओळ लावणारं ज्ञान त्यांच्याकडं होतं. वन्यजीवांच्या चित्रपटात शेवटी श्रेयनामावली येते, त्यात कॅमेरा, संकलन, ध्वनी अशी नावं असतात. ज्याच्या डोळ्यांनी आम्ही पाहिलं त्याचं नाव कुठं तरी आभारात, घाईघाईनं सरकणाऱ्या अक्षरांत असतं. हा क्रम उलटा व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं. माग काढणारा माणूस हा त्या चित्रपटाचा सहलेखक असतो.

त्याच वाड्यावरच्या आक्कांनी मला या कामाचं दुसरं सूत्र दिलं. लांडगी शिकार करून आली होती. पिल्लं तिच्या तोंडाला तोंड लावून हट्ट करत होती, आणि तिनं पोटातलं मांस त्यांच्यापुढं ओकून टाकलं. दुरून, बिळापासून फार लांब राहून टिपलेलं ते दृश्य मी संध्याकाळी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर आक्कांना दाखवलं. त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. पाहता पाहता त्या म्हणाल्या, “लेकरावानी करत्याती की. दूध तिचं, मटण आमचं.” थोडा वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “दादा, एक करा. तिची पिल्लं दावताय तसं आमचं कोकरू बी दावा तुमच्या शिनेमात.”

त्या मागणीत तक्रार नव्हती, दयेची याचना नव्हती. हिशेब होता. लांडग्याचा वाटा असतोच, असं म्हणणारे मेंढपाळ मी पुष्कळ पाहिले. सगळेच तसं म्हणत नाहीत. बिळाच्या तोंडाशी धूर केल्याच्या, पिल्लं मारल्याच्या गोष्टीही माळावर कानी येतात, आणि एका रात्रीत चार-पाच मेंढरं गमावलेल्या माणसासमोर उभं राहून त्याला सहजीवनाचे धडे देण्याचा अधिकार कुणालाच नाही. लांडगा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीनं. सरकारी नियमांत नुकसानभरपाईही आहे. पण भरपाईसाठी पंचनामा लागतो आणि पंचनामा होईपर्यंत वाडा पुढच्या गावाला गेलेला असतो. म्हणजे दख्खनमधला लांडगा जगतो तो मोठ्या प्रमाणात या फिरत्या, गरीब माणसांच्या खर्चानं. देशात लांडगे दोन-तीन हजारांच्या घरात असावेत असा अंदाज सांगितला जातो, म्हणजे वाघांहून फार वेगळी संख्या नाही. वाघाच्या रक्षणासाठी देशानं प्रकल्प उभे केले. लांडग्याचा भार एका घोंगडीवाल्याच्या खांद्यावर आहे. आक्का सांगत होत्या ते एवढंच, की हा भार चित्रात दिसू द्या.

लडाखमध्ये हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनं पाहायला मिळाली. हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या रुंबाक गावाच्या दऱ्यांत ऐन हिवाळ्यात हिमबिबट्याच्या शोधात माणसं येतात. तापमान शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतं. बॅटऱ्या अंगाशी धरून उबेत ठेवाव्या लागतात, नाही तर भरलेली बॅटरी बघता बघता मान टाकते. कॅमेरा बाहेरून थेट चुलीजवळ आणला तर काचेवर, काचेच्या आतही, दव धरतं, म्हणून तो पिशवीत बंद ठेवून हळूहळू उबेला आणायचा. या गोष्टी सवयीनं जमतात. जमत नाही ते पाहणं. समोरच्या डोंगरावर हजार करड्या दगडांमध्ये एक करडा प्राणी झोपला आहे, आणि तो आपल्याला दिसत नाही. दुर्बिणीला डोळा लावलेला गावचा तरुण हसत म्हणतो, “शान.” लडाखी लोक हिमबिबट्याला शान म्हणतात. त्यानं सांगितलेली खूण धरून पाहिलं तरी माझ्या नजरेला तो दगड जिवंत व्हायला वेळ लागला.

जॉर्ज शॅलर यांनी १९७० च्या हिवाळ्यात पाकिस्तानातल्या चित्रालच्या डोंगरांत घेतलेली छायाचित्रं ही रानातल्या हिमबिबट्याच्या अगदी पहिल्या छायाचित्रांत गणली जातात. त्यानंतर १९७३ मध्ये ते पीटर मॅथिसन यांच्यासोबत नेपाळातल्या डोल्पोला गेले. मॅथिसन यांना त्या सफरीत हिमबिबट्या दिसला नाही, तरी १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाला नाव त्याचंच आहे. त्या काळात हा प्राणी जवळजवळ दंतकथेत राहत होता. आज भारतातल्या पहिल्या देशव्यापी गणनेचे, २०२४ साली जाहीर झालेले आकडे आपल्या हाती आहेत. देशात अंदाजे ७१८ हिमबिबटे, त्यांतले ४७७ एकट्या लडाखमध्ये. हा आकडा कॅमेरा ट्रॅपमुळे मिळाला, म्हणजे अनेक ठिकाणी लावलेल्या आणि प्राणी समोरून गेला की आपोआप चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यांमुळे.

पण लडाखमध्ये हिमबिबट्या टिकला त्यामागं आकड्यांपलीकडची एक गोष्ट आहे. हा प्राणी रात्री गोठ्यात शिरला तर घाबरून सैरावैरा धावणाऱ्या शेळ्या-मेंढ्यांतली एक मारून थांबत नाही, कित्येक मारतो. अशा रात्रीनंतर गावानं त्याला वैरी मानलं तर त्यात नवल नव्हतं. मग गोठ्यांवर जाळीचं छप्पर आलं, आणि गावातल्या घरांत पाहुणे उतरू लागले. हिमबिबट्या पाहायला आलेला माणूस रात्री ज्या घरात थुक्पा खातो, त्या घरात पैसा येतो. ज्याच्यामुळे शेळी गेली त्याच्यामुळेच घराचं छप्पर दुरुस्त झालं. रुंबाकच्या एका घरात चुलीशी बसलेल्या अमालेंकडून, म्हणजे त्या घरच्या आईंकडून, हे ऐकताना मला आक्का आठवल्या. इथं प्राण्याचा खर्च आणि प्राण्याची कमाई एकाच अंगणात उतरते. आमच्या माळावर खर्च तेवढा वाड्यावर उतरतो, आणि लांडग्याच्या छायाचित्रातून मिळणारं नाव शहरात जातं.

वन्यजीव छायाचित्रणाचा आपल्याकडचा इतिहास सुरू झाला तो बंदूक खाली ठेवण्यापासून. फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन हे संयुक्त प्रांतातले वनाधिकारी. त्यांनी जंगलाच्या वाटेवर बारीक तार ताणली. वाघाचा पाय तारेला लागला की दिवा लखलखे आणि कॅमेरा चित्र घेई. त्यांचं ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक १९२७ मध्ये आलं. जिम कॉर्बेट यांनी कॅमेरा हाती घेतला त्यामागं चॅम्पियन यांची प्रेरणा होती. आजच्या कॅमेरा ट्रॅपचं मूळ त्या तारेत आहे. त्या चित्रांत एक मोठा सच्चेपणा आहे. माणूस तिथं नाही, वाघ आपल्या वाटेनं, आपल्या कामाला चालला आहे, आणि कॅमेरा वाटेच्या कडेला आहे.

याच कलेनं दुसरं टोकही पाहिलं आहे. १९५८ साली डिस्नेचा ‘व्हाइट वाइल्डरनेस’ हा चित्रपट आला आणि त्याला ऑस्कर मिळालं. लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कळपानं कड्यावरून उड्या टाकून जीव देतात, असं त्यात दाखवलं होतं. हे प्राणी बाहेरून विकत आणून, फिरत्या फळीवर धावायला लावून, शेवटी कड्यावरून लोटले गेले होते, हे कॅनडाच्या सीबीसी वाहिनीनं १९८२ मध्ये उघड केलं. तोवर लेमिंगांच्या आत्महत्येची दंतकथा जगभर रुजली होती आणि ती अजून पूर्ण पुसलेली नाही. कॅमेऱ्यानं सांगितलेल्या खोट्याचं आयुष्य इतकं लांब असतं. म्हणून या कामात प्रामाणिकपणा हा वरून लावायचा अलंकार असू शकत नाही. इतर कौशल्यं त्यावर उभी राहतात.

प्रामाणिक राहणं म्हणजे काहीच न जुळवणं, असं मात्र नाही. चित्रपट जुळवावाच लागतो. तासाभराच्या माहितीपटामागं शेकडो तासांचं चित्रण असतं. लांडगा ज्या सकाळी निघाला आणि ज्या सकाळी त्यानं ससा धरला, त्या दोन सकाळी वेगळ्या असतात. पडद्यावर त्या एका ओळीत येतात. लांब लेन्स दूरचं चित्र आणते, पण दूरचा आवाज आणत नाही, म्हणून गवतातल्या पावलांचा आवाज पुष्कळदा मागाहून, ध्वनिमुद्रणाच्या खोलीत सुक्या गवतावर हात फिरवून तयार केला जातो. हे मी करतो, आणि विचारलं तर सांगतो. माझी कसोटी अशी, की जुळवणीनंतर पडद्यावर जे उभं राहिलं ते त्या प्राण्याच्या आयुष्यात खरोखर घडतं का, आणि ते टिपण्यासाठी त्याच्या आयुष्यात मी काही घडवलं का. पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही असं आलं, तरच ते दृश्य ठेवायचं.

दुसरा प्रश्न जास्त कठोर आहे. आंबोलीत पावसाळ्यात बेडकांची छायाचित्रं काढायला माणसं येतात. उडणारा मलबारी बेडूक फांदीवर आडजागी बसला असेल तर त्याला उचलून शोभिवंत पानावर ठेवण्याचा मोह अनेकांना होतो. बेडकाची ओली त्वचा श्वास घेते, पाणी शोषते, आणि आपल्या बोटांवर लावलेलं डासांचं मलमही शोषते. पक्ष्यांना ध्वनिमुद्रित साद ऐकवून पुढं बोलावणं हेही असंच आहे. विणीच्या दिवसांत पक्षी आपला मुलूख राखायला धावून येतो, नसलेल्या शत्रूशी झगडतो, आणि तेवढा वेळ त्याचं घरटं उघडं पडतं. लांडग्याच्या बिळाशी ड्रोन नेणं, पिल्लं असलेल्या बिळाचा ठावठिकाणा समाजमाध्यमांवर टाकणं, गाडीनं लांडग्यामागं माळभर धावणं, यांतून मिळालेलं चित्र कितीही देखणं असलं तरी त्यात भीती टिपलेली असते. जाणत्याला ती दिसते. कान मागं दाबलेले, शेपूट आत, नजर मागं वळलेली. कामाला चाललेल्या लांडग्याची सरळ रेघ तिथं मोडलेली असते.

आता मी लांब लेन्सबरोबर रुंद लेन्सही माळावर नेतो. रुंद चित्रासाठी कॅमेरा प्राण्याच्या वाटेजवळ हवा आणि माणूस तिथं नको, म्हणून तो वनखात्याच्या परवानगीनं आणि शेतमालकाच्या संमतीनं वाटेकडेला ठेवून दूर जायचं. चॅम्पियन यांच्या तारेचंच हे आजचं रूप. बहुतेक वेळा त्यात शेळ्या, सायकलवाले, कुत्री आणि वाऱ्यानं हललेलं गवत येतं. मग एखाद्या पहाटे लांडगाही येतो, आणि त्याच्याबरोबर सगळा माळ येतो. वर पवनचक्कीची पाती, मागं वाड्याच्या चुलीचा धूर, मधे वाघरीतली मेंढरं, आणि पुढं खडकाळ पायवाटेवर लांडगा, चौकटीच्या मानानं लहान. या चित्राला पाहणारा पटकन दाद देत नाही. तो जवळ येऊन पाहतो आणि विचारतो, की हे सगळं एकत्र कसं? तो प्रश्न पडला की माझं काम झालं.

कारण खरा धोका जमिनीला आहे. आपल्याकडं झाड नसलेल्या जमिनीला पडीक म्हणण्याची सवय कागदोपत्री पक्की झाली आहे. देशाचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह २००० साली पहिल्यांदा निघाला, आणि कितीतरी गवताळ प्रदेश त्यात पडीकच्या रकान्यात आहेत. पडीक म्हटलं की तिचं काही तरी करायला हवं असं वाटू लागतं. मग समतल चर खणले जातात, गिरिपुष्पाची रोपं लावली जातात, सौर पटलं बसतात, प्लॉट पडतात. झाडं लावणं हे पुण्यकर्मच, अशी आपली श्रद्धा. पण चिंकारा, खोकड, धाविक, लांडगा यांना सावली नको असते, उघडी क्षितिजरेषा हवी असते. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं १९७९ मध्ये. एके काळी त्या गवतात सहज दिसणारा तो भारदस्त पक्षी आज महाराष्ट्रात जवळजवळ दिसेनासा झाला आहे. माळ तुकड्यांत फाटला की लांडग्याचे कळपही फाटतात. पुण्याजवळच्या माळांवर वेगळ्या, तांबूस रंगाचे लांडगे निसर्ग अभ्यासकांच्या नजरेस आले, आणि जनुकीय तपासणीत त्यांचा गावकुत्र्यांशी संकर झाल्याचं निष्पन्न झालं. नजरेनं हेरलेली आणि छायाचित्रांत दिसलेली एक वेगळी छटा प्रयोगशाळेपर्यंत पोचली. पाहण्याचं काम किती दूर जाऊ शकतं याचं हे मला फार मोलाचं उदाहरण वाटतं.

चित्रपटानं धोरण बदलल्याचंही उदाहरण आपल्याच देशात आहे. माइक पांडे यांनी २००० साली ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा माहितीपट केला. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची शिकार कशी होते हे त्यांनी दाखवलं. त्यांच्या चौकटीत मासा होता, गळ होते, रक्तानं लाल झालेलं पाणी होतं आणि त्यावर पोट भरणारी माणसंही होती. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, हा मासा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला. नंतरच्या काळात त्याच किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी आपली जाळी कापून शेकडो व्हेल शार्क समुद्रात सोडून दिले. पाण्याखालच्या निळाईतला एकटा, देखणा मासा दाखवून हे झालं असतं असं मला वाटत नाही. मासा आणि माणूस एका चौकटीत आले, म्हणून दोघांसाठीही मार्ग शोधावा लागला.

माझ्या माळावरच्या चित्रपटात आक्कांचं कोकरू आहे. ते डालग्याखालून बाहेर येतं, आईला शोधतं, आणि पुढच्या एका पहाटे वाड्यावर मोजदाद होते तेव्हा नसतं. त्यानंतर बिळाशी मांसासाठी हट्ट करणारी पिल्लं येतात. संकलनाच्या टेबलावर काहींनी सुचवलं, की कोकरू काढून टाका, लोकांची लांडग्याबद्दलची माया कमी होईल. मला उलट वाटतं. जी माया किंमत कळल्यावर टिकत नाही ती लांडग्याच्या फारशी उपयोगाची नाही. गावच्या देवळापुढं पडदा लावून चित्रपट दाखवला तेव्हा मेंढपाळ ती पिल्लं पाहताना गप्प होते आणि कोकराच्या वेळी बोलू लागले. कुठल्या साली किती गेली, पंचनाम्याला कोण आलं, कोण आलं नाही, कुठला माळ विकला गेला. वनखात्याची मंडळी तिथंच सतरंजीवर बसली होती. दोघं एकमेकांशी माझ्या पाठीमागं बोलत राहिले आणि पडद्याकडं कुणाचं लक्ष उरलं नाही. ते मला हवंच होतं.

नवी मुलं भेटतात आणि विचारतात, पहिली लेन्स कुठली घ्यावी. मी त्यांना सांगतो, रुंद घ्या, आणि ती घेऊन आधी एखाद्या वाड्यावर जा. मेंढरं राखा, माग वाचायला शिका, रात्री कुत्रं कशानं गुरगुरतं ते ऐका. लांडगा नंतर दिसेलच, आणि दिसेल तेव्हा तो कुठं चालला आहे हे तुम्हाला माहीत असेल. मग तुम्ही काढलेल्या चित्रात त्याच्या पायाखालची जमीनही येईल. उद्या कुठल्या तरी कचेरीत कुणी त्या जमिनीपुढं पडीक असं लिहायला घेईल, तेव्हा खोलीतल्या एका तरी माणसानं ते चित्र पाहिलेलं असावं, आणि त्यानं म्हणावं, थांबा, तिथं कोण कोण राहतं ते मला ठाऊक आहे.